जुन्या स्विफ्टसाठी १५ इंची चाके आणि ३० मिलिमीटरने खाली घेणारी स्प्रिंग : एक परीक्षण

मारुती सुझुकीची पहिली स्विफ्ट मे २००५ मध्ये भारतात आली आणि २०११ मध्ये दुसऱ्या पिढीने तिची जागा घेईपर्यंत तिचा बांधा फारसा बदलला नाही. त्या पिढीतली सर्वांत नवी गाडीही आता पंधरा वर्षांच्या आसपास आली आहे. तरीही २,३९० मिलिमीटरचा आखूड व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर), कोपऱ्यांकडे सरकवलेली चाके आणि जेमतेम एक टन वजन यांमुळे ही गाडी वळणांवर आजही जी चपळाई दाखवते, ती नंतरच्या अनेक महागड्या हॅचबॅकना जमलेली नाही. तिचे एकच दिसण्यातले वैगुण्य कारखान्यातूनच आले होते. १७० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स राखण्यासाठी भारतीय स्विफ्ट उंच ठेवली गेली आणि एलएक्सआय व व्हीएक्सआय या आवृत्त्यांना १६५/८० आर१४ (रुंदी १६५ मिलिमीटर, भिंत रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची) असे अरुंद व उंच भिंतीचे टायर दिले गेले. मडगार्डची कमान आणि टायर यांच्यामध्ये त्यामुळे जी पोकळी राहते, ती पाहूनच बहुतेक मालकांच्या मनात मोठ्या चाकांचा आणि गाडी खाली घेण्याचा विचार येतो.

हे परीक्षण २००८ सालच्या पेट्रोल व्हीएक्सआयवर बसवलेल्या दोन वस्तूंचे आहे : ६.५ इंच रुंदीची १५ इंची मॅगव्हील (अलॉयची चाके), त्यांवर १९५/६० आर१५ टायर, आणि गाडी ३० मिलिमीटरने खाली घेणारा चार स्प्रिंगांचा संच. तुलनेसाठी याच मॉडेलच्या आणखी दोन गाड्या मी चालवल्या आहेत. एकीवर स्प्रिंग मूळ ठेवून १६ इंची चाके आहेत, तर दुसरी १७ इंची चाकांवर ५० मिलिमीटरने खाली आहे. निष्कर्ष आधीच सांगतो. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर रोज चालणाऱ्या स्विफ्टला १५ इंची चाके आणि माफक खाली घेतलेली स्प्रिंग शोभतात, सोसतात आणि परवडतात; १६ इंची चाके हवीच असतील तर उंची मूळचीच ठेवावी; आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी टोकाला नेलेली गाडी उभी असताना जितकी देखणी दिसते तितकीच चालवताना कंटाळवाणी होते.

याचे कारण असे की टायरची भिंत आणि स्प्रिंगला दबायला मिळणारी जागा ही दोन्ही एकाच खात्यातली शिल्लक आहे. खड्ड्याचा धक्का आधी टायरची भिंत दबून पचवते, उरलेला स्प्रिंग आणि शॉकअप पचवतात, आणि त्यांनाही जो पेलत नाही तो बंप स्टॉपच्या रबरामार्फत थेट बॉडीत जातो. चाक मोठे केले की पहिली शिल्लक घटते, गाडी खाली घेतली की दुसरी. एकीकडून काढले तर दुसरीकडे हात लावू नये, एवढा साधा हिशेब आहे. पण दुकानात चाके एका काउंटरवर आणि स्प्रिंग दुसऱ्या काउंटरवर विकली जात असल्यामुळे तो कोणी एकत्र मांडून दाखवत नाही.

तो हिशेब आकड्यांत असा होतो. मूळ १६५/८० आर१४ टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर आणि भिंतीची उंची १३२ मिलिमीटर भरते. याच गाडीच्या झेडएक्सआय आवृत्तीला कंपनीनेच १८५/७० आर१४ टायर दिले होते. त्यांचा व्यास ६१४.६ मिलिमीटर. मी निवडलेल्या १९५/६० आर१५ चा व्यास ६१५ मिलिमीटर येतो, म्हणजे कंपनीने स्वतः मान्य केलेल्या मापाशी तो अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळतो, आणि भिंत ११७ मिलिमीटरची राहते. १५ इंचांतच दुसरा पर्याय १८५/६५ आर१५ चा आहे. त्याचा व्यास ६२१.५ मिलिमीटर, आणि पुढच्या पिढीच्या स्विफ्टच्या वरच्या आवृत्त्यांवर कारखान्यातून हेच माप येत होते. जो माणूस पावसाळ्यात कोकणात वारंवार जातो आणि ज्याला लिटरमागे मिळणाऱ्या किलोमीटरची चिंता आहे, त्याला मी १८५/६५ च सुचवेन, कारण टायर जितका रुंद तितका तो साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगू लागतो. १९५ रुंदीचा टायर कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावताना आणि वळणात निश्चितच अधिक पकड देतो. रांजणगावला बनलेल्या फियाटच्या लिनिया व पुंटो यांच्या वरच्या आवृत्त्यांवर हे माप असल्यामुळे ते दुर्मीळही नाही.

१६ इंचांत मात्र निवड जपून करावी लागते. परदेशातल्या स्विफ्ट स्पोर्टवर १९५/५० आर१६ टायर असत, म्हणून इथले अनेक शौकीन डोळे मिटून तेच माप मागतात. त्याचा व्यास ६०१ मिलिमीटर आहे, म्हणजे मूळ मापापेक्षा जवळजवळ तीन टक्के कमी. स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ९७ च्या वेगाने जाते, ओडोमीटर त्याच प्रमाणात जास्त अंतर नोंदवतो, आणि स्प्रिंगला हात न लावताही गाडी ९ मिलिमीटरने खाली येते. त्याहून महत्त्वाची गोष्ट भारक्षमतेची आहे. मूळ टायरचा भार निर्देशांक ८५, म्हणजे एका टायरमागे ५१५ किलो. साध्या १९५/५० आर१६ चा निर्देशांक ८४, म्हणजे ५०० किलो. पंधरा किलोंचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. परंतु पाच माणसे आणि दिवाळीचे सामान घेऊन घाट चढणाऱ्या गाडीत कंपनीने ठरवलेल्या क्षमतेखाली जाण्याचे काहीच कारण नाही. १६ इंचच घ्यायचे असेल तर बलेनोवर येणारे १९५/५५ आर१६ हे माप घ्यावे : व्यास ६२१ मिलिमीटर, निर्देशांक ८७, आणि देशातल्या प्रत्येक मोठ्या टायर कंपनीकडे उपलब्ध. मी चालवलेल्या १६ इंची गाडीवर हेच टायर होते आणि मूळ उंचीवर ती गाडी मला मनापासून आवडली. भिंत मात्र १०७ मिलिमीटरवर येते, आणि म्हणूनच त्या मालकाने स्प्रिंग बदलू नयेत असे मी त्याला सांगितले.

१७ इंचांवरच्या २०५/४५ टायरचा व्यास ६१६ मिलिमीटर, म्हणजे जुळता आहे. भिंत ९२ मिलिमीटरची राहते. त्याविषयी जास्त लिहिण्याची गरज नाही.

टायरच्या मापाइतकेच रिमच्या मापाकडे लक्ष द्यावे लागते, आणि दुकानदार नेमके इथेच घाईत असतात. स्विफ्टला चार नटांची, १०० मिलिमीटर पीसीडीची (नटांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाची) चाके बसतात आणि चाक ज्यावर बसते त्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर आहे. बाजारातल्या बहुतेक मॅगव्हीलचे मधले भोक अनेक गाड्यांना चालावे म्हणून ६७.१ किंवा ७३.१ मिलिमीटरचे ठेवलेले असते. मधली फट भरून काढणारी प्लॅस्टिकची किंवा अॅल्युमिनियमची हब रिंग घातली नाही, तर चाक केवळ नटांच्या आधाराने मध्यावर बसते, आणि ते केसभर बाजूला बसले तरी ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागते. मग मालक पुन:पुन्हा बॅलन्सिंग करून घेत राहतो आणि दोष कशात आहे ते त्याला उमगत नाही. रिंगांची किंमत चहा-नाश्त्याच्या बिलाइतकी असते, म्हणून त्या मागून घ्याव्यात. न मागता त्या क्वचितच मिळतात. नटांचे आटेही तपासावेत. सुझुकीचे आटे १२ मिलिमीटर गुणिले १.२५ चे असतात, तर होंडा आणि ह्युंदाई यांचे १.५ चे. एका गाडीची चाके दुसरीला बसतात म्हणून नटही बसतील असे मानून यंत्राने जोर लावला, तर स्टडचे आटे मरतात.

ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठापर्यंतचे अंतर. स्विफ्टसाठी ते ४५ च्या आसपास असावे. समजा, ५.५ इंच रुंदीच्या व ४५ ऑफसेटच्या रिमऐवजी ६.५ इंच रुंदीची व ४० ऑफसेटची रिम घेतली, तर रुंदी दोन्ही बाजूंना पावणेतेरा मिलिमीटरने वाढते, ऑफसेटमुळे चाक ५ मिलिमीटर बाहेर सरकते, म्हणजे बाहेरची कड सुमारे १८ मिलिमीटर पुढे येते आणि आतली कड स्ट्रटच्या, म्हणजे शॉकअप व स्प्रिंगच्या खांबाच्या, दिशेने ८ मिलिमीटर जाते. एवढे या गाडीला सहज खपते आणि चाक कमानीच्या रेषेत येऊन गाडी रुंद, बसकी दिसते. हीच रिम ७ इंचाची आणि ३५ ऑफसेटची घेतली तर बाहेरची कड २९ मिलिमीटर पुढे येते; गाडी खाली घेतलेली असेल आणि मागच्या सीटवर तिघे बसले असतील, तर मागच्या कमानीची आत वळवलेली पत्र्याची कड टायरला घासते. त्यावर उपाय म्हणून ती कड ठोकून वर वळवण्याचा सल्ला दिला जातो. जुन्या गाडीत असे केल्यास तिथला रंग तडकतो, पावसाचे पाणी शिरते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गंज कमानभर पसरतो. शिवाय ऑफसेट कमी केल्यामुळे चाकाच्या बेअरिंगवर पडणारा तरफेचा जोर वाढतो आणि खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंग हातात ओढू लागते. चाक बाहेर डोकावले पाहिजे हा हट्ट मला कधीच समजलेला नाही.

आता स्प्रिंगांकडे वळतो. आधी गाडीची अवस्था पाहावी लागते, कारण पंधरा वर्षे जुन्या गाडीला नव्या स्प्रिंग लावून चालवणे म्हणजे अर्धेच काम करणे होय. पुढच्या स्ट्रटचे वरचे माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप, डस्ट कव्हर, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, स्टॅबिलायझरच्या लिंक आणि मागच्या बीमचे बुश यांतले रबर एवढ्या वर्षांत कडक झालेले किंवा फाटलेले असते. शॉकअप बाहेरून कोरडे दिसले तरी आतले तेल आणि व्हॉल्व्ह थकलेले असतात. खाली घेणारी स्प्रिंग ही मूळ स्प्रिंगपेक्षा ताठ असते. ती दबल्यानंतर सुटून परत येताना तिला आवरण्याचे काम शॉकअपचे असते, आणि थकलेल्या शॉकअपला ते झेपत नाही. म्हणून चारही शॉकअप नवे घेणे हा स्प्रिंगांच्या किमतीचाच भाग समजावा. चाकण आणि नाशिक इथे कारखाने असलेल्या गॅब्रिएलसारख्या देशी कंपन्यांचे मूळ मापाचे शॉकअप ३० मिलिमीटरच्या स्प्रिंगबरोबर समाधानकारक चालतात. ४० च्या पुढे गेल्यास आखूड दांड्याचे, अधिक जोराचे शॉकअप लागतात आणि मग खर्च दुसऱ्याच पातळीवर जातो.

संच मागवताना इंजिन कोणते ते सांगणे आवश्यक आहे. २००७ पासून मिळू लागलेल्या १.३ लिटरच्या डिझेल स्विफ्टचे नाक पेट्रोल गाडीपेक्षा जड आहे. पेट्रोलसाठीची स्प्रिंग तिला लावली तर पुढचा भाग ठरल्यापेक्षा जास्त बसतो, आणि उलट केल्यास पेट्रोल गाडी पुढून उंच राहते. मी घेतलेल्या संचातल्या स्प्रिंग प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वेढ्यांमधले अंतर असमान ठेवलेल्या आहेत. हलक्या धक्क्याला जवळचे वेढे दबतात, ते एकमेकांना टेकले की उरलेले ताठ वेढे भार घेतात. उंची दाव्याप्रमाणेच उतरली आणि पुढे-मागे सारखी उतरली. रंगाचा लेप जाड आहे, वेढ्यांच्या टोकांना रबरी नळी आहे, आणि प्रत्येक स्प्रिंगवर भाग क्रमांक छापलेला आहे. एक कमतरता नोंदवावी लागेल : संचाबरोबर आखूड बंप स्टॉप दिलेले नाहीत. गाडी ३० मिलिमीटरने खाली आली की दबण्याची तितकी जागा आधीच खर्च होते, म्हणून कंपनीने ते डब्यातच द्यायला हवे होते.

याच कामासाठी मूळ स्प्रिंगचा एखादा वेढा कापून देणारे कारागीर प्रत्येक शहरात आहेत. कापलेली स्प्रिंग ताठ होते हे खरे, कारण काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या जितकी कमी तितका स्प्रिंगचा ताठरपणा अधिक. पण तिची मोकळी लांबीही घटते, आणि स्विफ्टच्या मागच्या बाजूला स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी, बीम आणि बॉडी यांच्यामध्ये नुसती टेकलेली असते. चाक खड्ड्यात पूर्ण लोंबले की कापलेली आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल होते, आणि परत दबताना ती जागेवरच बसेल याची शाश्वती नसते. गॅसच्या ज्योतीने तापवून स्प्रिंग बसवण्याचा प्रकार त्याहून वाईट, कारण त्या उष्णतेने पोलादाला दिलेले पाणीच उतरते. अशी गाडी मी कोणाला विकत घेऊ देणार नाही.

बसवण्याचे काम पुण्यातल्या एका छोट्या गॅरेजमध्ये झाले आणि ते उत्तम झाले. गॅरेज निवडण्याची माझी कसोटी एकच होती, ती इथे देतो. लोअर आर्म आणि मागचा बीम यांच्या रबरी बुशचे बोल्ट कधी आवळणार, असा प्रश्न मिस्त्रींना विचारावा. गाडी लिफ्टवर असताना, चाके लोंबत्या स्थितीत ते आवळले तर गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवे बुश काही महिन्यांत फाटतात. चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन पडल्यावरच शेवटचा आवळा द्यायचा असतो. ज्यांनी हे बरोबर सांगितले त्यांच्याकडे मी काम दिले. मजुरी इतरांपेक्षा थोडी अधिक होती, ती योग्यच होती.

अलाइनमेंटचा मुद्दा याच्याशी जोडलेला आहे. पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटची गाडी खाली आली की लोअर आर्मचा कोन बदलतो, चाके वरच्या बाजूने किंचित आत कलतात (हा कल म्हणजे कॅम्बर) आणि टो, म्हणजे वरून पाहता दोन चाकांची समांतरता, बदलतो. कल थोडा वाढला तर वळणात फायदाच होतो. टो चुकलेला राहिला तर मात्र टायरची कड दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये खरवडली जाते. म्हणून स्प्रिंग बसल्यावर लगेच एकदा, आणि त्या जागेवर स्थिरावल्यावर पुन्हा एकदा टो बसवून घ्यावा. स्विफ्टमध्ये कारखान्यातून पुढचा कॅम्बर बदलण्याची सोय नाही. दोन बाजूंत लक्षणीय फरक दिसला तर स्ट्रटच्या भोकात विकेंद्री बोल्ट वापरून तो सुधारता येतो. मागचा बीम एकसंध असल्यामुळे तिथे काही फिरवायचे नसते. आणखी एक तांत्रिक बाब जास्त खाली घेऊ पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. या रचनेत गाडी खाली आणली की तिचा गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्यापेक्षा तिचा रोल सेंटर, म्हणजे वळणात बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, अधिक खाली जातो. म्हणजे वळणात गाडीला झुकवणारी तरफ लांबते आणि झुकणे रोखण्याची सारी जबाबदारी स्प्रिंगच्या ताठरपणावर येते. ५० मिलिमीटरने खाली घेतलेली गाडी दिसते रेसच्या गाडीसारखी, पण पसरणी घाटातल्या उलट-सुलट वळणांवर ती माझ्या गाडीपेक्षा अधिक अस्वस्थ वाटली, त्याचे कारण हेच असावे. त्यातच तिचे बंप स्टॉप सारखे टेकत होते.

माझ्या गाडीच्या चालीत झालेला बदल सर्वांत स्पष्ट जाणवतो तो ताम्हिणीसारख्या घाटात उतरताना. ब्रेक लावल्यावर नाक पूर्वीइतके खाली झुकत नाही, स्टिअरिंग वळवल्यापासून गाडी वळेपर्यंतचा तो क्षणभराचा विलंब बराच कमी झाला आहे, आणि वळणाच्या मध्यात खड्डा आला तरी गाडी रेषा सोडत नाही. द्रुतगती मार्गावर वाऱ्याच्या झोतात किंवा मालमोटारीला ओलांडताना पूर्वी जी डगमग होत असे ती जवळजवळ नाहीशी झाली. शहरात, विशेषतः काँक्रीट रस्त्याच्या सांध्यांवर आणि पेव्हर ब्लॉकवर, मंद वेगाने जाताना आधीपेक्षा निश्चित जास्त खडखड जाणवते. मागच्या सीटवर बसणारी घरातली वडीलधारी मंडळी हे बोलून दाखवतात, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. ११७ मिलिमीटरच्या भिंतीमुळे टोचणारा धक्का मात्र आत येत नाही. १७ इंची गाडीत तो प्रत्येक सांध्याला येत होता, आणि तिच्या चारांपैकी दोन रिमच्या आतल्या कडा खड्ड्यांनी वाकलेल्या होत्या. वाकलेली ओतीव रिम तापवून, ठोकून सरळ करून देणारे आहेत. अशी रिम पुढच्या चाकाला वापरू नये.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न गतिरोधकांचा असतो, म्हणून त्याचे गणित मांडतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असायला हवा. २.३९ मीटर व्हीलबेसची गाडी त्यावर बरोबर मधोमध उभी राहिली, तर तिची चारही चाके उंचवट्यावरच असतात आणि चाकांच्या रेषेच्या वर तो मध्यभागी फक्त ४ सेंटिमीटरच्या आसपास येतो. ३० मिलिमीटर स्प्रिंगचे आणि दोनेक मिलिमीटर टायरचे वजा जाता माझ्या गाडीचा क्लिअरन्स १३८ मिलिमीटर राहतो, म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर पोटाखाली जवळजवळ १० सेंटिमीटर मोकळी जागा उरते. ४० मिलिमीटरने खाली आणि १९५/५० आर१६ टायरवर असलेल्या गाडीचाही क्लिअरन्स १२१ मिलिमीटर भरतो, तीसुद्धा निघून जाईल. अडचण आहे ती गल्लीच्या तोंडाशी रहिवाशांनी एका रात्रीत घातलेल्या, हातभर रुंद आणि वीतभर उंच सिमेंटच्या बांधांची. तिथे एक चाक चढलेले आणि दुसरे खाली असताना सायलेन्सरचा पाइप किंवा ऑइल चेंबर टेकतो. गाडी भरलेली असेल तर मी असे बांध तिरके, एकेक चाक चढवत ओलांडतो. रिकामी असेल तर सरळ जाते. चेंबरखाली पत्र्याचे संरक्षक कवच बसवून घेणे शहाणपणाचे आहे. आपल्या घराच्या किंवा कार्यालयाच्या वाटेवर असा एकही बांध असेल, तर ४० किंवा ५० मिलिमीटरचा विचार सोडून द्यावा.

मॅगव्हीलच्या खरेदीबद्दल थोडक्यात. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे सर्व प्रकारचा माल मिळतो, त्यात प्रसिद्ध परदेशी डिझाइनांच्या नकलाही भरपूर असतात. रिमच्या आतल्या बाजूला रुंदी, ऑफसेट, कमाल भार आणि जपानी जेडब्ल्यूएलसारखी चाचणीची खूण ओतलेली असावी. खूणही नकली असू शकते, परंतु जिथे कमाल भारच लिहिलेला नाही ती रिम उचलूही नये. शक्य असल्यास काट्यावर तोलून पाहावी, कारण स्प्रिंगच्या खाली असलेले प्रत्येक किलो वजन चालीवर आणि ब्रेकवर परिणाम करते, आणि स्वस्तातली मोठी रिम मूळच्या १४ इंची पोलादी रिमपेक्षा जड भरण्याची शक्यता खूप असते. जुनी, वापरलेली मॅगव्हील घ्यायचीच असतील तर टायर उतरवून, आतली कड बोटाने चाचपून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कायद्याची बाजू अनेक परीक्षणांत वगळली जाते, ती वगळता येण्यासारखी नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. १५ वर्षे पूर्ण झालेल्या खासगी गाडीची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवताना ती आरटीओत तपासणीला न्यावीच लागते, म्हणजे या पिढीच्या स्विफ्टच्या मालकाला हा प्रश्न आज ना उद्या येणारच. पासिंगपुरती मूळ चाके लावण्याचा मार्ग सर्वांना ठाऊक आहे. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा सर्वेक्षक मात्र त्या वेळी गाडीवर जे असेल तेच पाहतो, आणि न कळवलेला बदल हे दावा नाकारण्याचे कारण ठरू शकते. विमा कंपनीला लेखी कळवावे आणि उत्तर जपून ठेवावे. ज्याला ही जोखीम अजिबात नको आहे, त्याच्यासाठी झेडएक्सआयच्या १४ इंची अलॉय रिम आणि १८५/७० टायर हा निर्वेध पर्याय आहे. नव्या शॉकअपसह मूळ उंचीवर तेही १६५ च्या टायरपेक्षा कितीतरी चांगले चालतात, आणि खरे सांगायचे तर निम्म्या मालकांचे समाधान तेवढ्यानेच व्हावे.

स्टेपनी मी मूळचीच, १६५/८० आर१४ च्या पोलादी रिमवरची ठेवली आहे. तिचा व्यास इतर चाकांपेक्षा पाऊण टक्क्यानेच वेगळा असल्यामुळे पंक्चर झाल्यास जवळच्या दुकानापर्यंत ती बिनघोर वापरता येते. १९५/५० आर१६ च्या गाडीत हाच फरक तीन टक्के होतो, आणि तिथे स्टेपनी पुढे न लावता मागे लावून मागचे चांगले चाक पुढे घ्यावे लागते, कारण पुढच्या दोन चाकांचे व्यास वेगळे असले की डिफरन्शियलला, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या यंत्रणेला, सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहावे लागते. मॅगव्हीलचे आणि पोलादी रिमचे नट वेगवेगळ्या प्रकारचे असतील तर पोलादी रिमच्या नटांचा एक संच डिकीत ठेवावा. नट ८५ न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने आवळावेत, आणि नवी चाके बसवल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा एकदा तपासून घ्यावेत.